वरची जमीन

फेब्रुवारीच्या उधाणाचं पाणी स्वयंपाकाच्या झोपडीत शिरलं तेव्हा विलिमोनी चुलीपुढं बसून लिंबाच्या पानांचा चहा पीत होता. पाणी आधी उंबऱ्यावरून आलं, मग चटईखाली गेलं आणि चुलीतली राख घेऊन दाराकडं परत निघालं. विलिमोनीनं पाय वर घेतले, पण कप काही खाली ठेवला नाही.

"काय रे मेहुण्या, कपाला नांगर टाकून देऊ का?" मी दारातून विचारलं.

"आधी तुझ्या तोंडाला बूच लाव. सगळं पाणी तिथूनच येतंय."

मी आपिसाई, त्याच्या मामाचा मुलगा. आमच्या बेटावर आतेभाऊ-मामेभाऊ एकमेकांना मेहुणेच मानतात, आणि मेहुण्यांनी दोन दिवस एकमेकांची थट्टा केली नाही तर लोक घरी येऊन विचारतात, काय बिनसलंय. त्याची बायको केलेरा मग नात्यानं माझी बहीण झाली. बहिणीशी भावानं समोरासमोर बोलायचं नाही ही आमची रीत, त्यामुळं गेली वीसेक वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी त्यांच्या मुलीच्या तोंडून बोलतो. सेरेआना लहानपणी आमचे निरोप पोहोचवून वैतागायची. आता सव्वीस वर्षांची झाली, तरी वैतागतेच.

"सेरे, मामाला सांग, बाहेर उभं राहून दात काढण्यापेक्षा पातेली उचलू लागा," केलेरा म्हणाली.

सेरेआनानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी पातेली उचलली.

ते उधाण चार दिवस राहिलं. पाचव्या दिवशी विलिमोनीनं मागच्या वाडीतला कसावा उपटून बघितला. कंद वरून चांगला दिसत होता, पण बोट लावलं की साबणासारखा आत जायचा. चार सऱ्या त्यानं उपटल्या आणि सगळं डुकरांपुढं टाकलं. डुकरांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं.

मग बापलेक बांधाच्या कामाला लागले. ओहोटी लागली की पोवळ्याचे धोंडे खांद्यावरून आणायचे, जुन्या जाळ्यात भरायचे आणि घरापुढं रचायचे. हा बांध त्यानं आधी तीनदा घातला होता आणि समुद्रानं तीनदा नेला होता. धोंड्यांच्या कडा धारदार असतात. विलिमोनीच्या खांद्याला गोणपाट बांधलेलं असायचं, तरी संध्याकाळी सदरा कातडीला चिकटून बसायचा आणि केलेरा तो कोमट पाण्यानं सोडवायची. डावा गुडघा तर त्याचा केव्हाच गेला होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धोंडा घेऊन वाळूत चालताना बघवत नाही. मी मदतीला जायचो, पण मला त्याचा रागही यायचा, कारण ह्या सगळ्याची गरज नव्हती. वर नादेलाईला जमीन होती.

त्याचं असं झालं. आमच्या वुनिदोगो गावात सव्वीस घरं. वातावरण बिघडल्याचा जो कायदा देशानं केला, त्यात पाण्याखाली जाणारी गावं उंचावर हलवायची सोय आहे. ते समजावायला राजधानीतून, सुवाहून प्रवीनाबाई आल्या. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यावर राबायला हिंदुस्थानातून आलेले, पण बाई आमची भाषा अशी बोलायच्या की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, माझी आत्याच रागावतेय. सभागृहात चटईवर पाय दुमडून बसल्या, यांगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या आमच्या मानाच्या पेयाची, वाटी एका दमात रिकामी केली आणि मग कागद काढले.

"कुणालाही जबरदस्तीनं हलवायचं नाही, असं कायद्यातच आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक घराची सही लागेल. आणि ज्यांच्या जमिनीवर जायचं, त्या कुळाची संमती. दोन्ही हवं. एक असून चालणार नाही."

"असा कायदा आपलाच, का इतरांचाही आहे?" मी विचारलं.

"आहे ना. ब्रिटनचा आहे, न्यूझीलंडचा आहे, मेक्सिकोचा आहे. प्रत्येकाचा वेगळा. धूर किती कमी करायचा, कधीपर्यंत करायचा, ते त्यात लिहिलंय. आपल्याही कायद्यात ते आहे. शिवाय गाव हलवायचंही आहे."

मागं खांबाला टेकून बसलेला विलिमोनी पहिल्यांदा बोलला. "म्हणजे त्यांच्या कायद्यात त्यांनी चूल बारीक करायची, आणि आमच्या कायद्यात आम्ही घर उचलायचं."

सगळे हसले. प्रवीनाबाईही हसल्या, पण मग बराच वेळ कागदच सारखे करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "यंदा जमीन सपाट करायची यंत्रं एकाच गावाला मिळणार आहेत. ईस्टरच्या आत दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत, तर ती दुसरीकडं जातील. पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही."

पंचवीस घरांनी आठवड्यात सह्या दिल्या. विलिमोनीनं दिली नाही. आणि नादेलाईची जमीन मागायला गेलेला आमचा सरपंच वाईसाके चिखलानं भरलेले पाय घेऊन परत आला, तो सरळ विलिमोनीच्या दारात.

"तानिएलानं यांगोना घेतला, जेवायला घातलं," वाईसाके म्हणाला. तानिएला म्हणजे नादेलाईच्या जमीनवाल्या कुळाचा म्हातारा, ऐंशीच्या घरातला. "म्हणाला, जमीन आहे. पण जो माणूस माझ्या दारात तसं बोलून गेला, तो आधी येऊ दे. त्याच्याआधी जमिनीचा विषय काढू नका."

विलिमोनी जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "मग नका काढू."

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. आम्ही समुद्राचे लोक, नादेलाईचे जमिनीचे. त्यांच्याकडं लग्न असो, मयत असो, मासा आम्ही न्यायचा. आमच्याकडं असलं तर डुक्कर आणि अळूचे कंद त्यांनी आणायचे. कोण किती आणतो हे कुणी बोलत नाही आणि सगळे बघतात. विलिमोनीचं घराणं गावाच्या मानाच्या कोळ्याचं. समुद्रात कधी जायचं आणि जाळं कुठं टाकायचं हे त्याच्या बापानं सांगायचं, बापानंतर त्यानं. तर तानिएलाची आई वारली तेव्हा मासा न्यायची जबाबदारी विलिमोनीची. आणि हा गडी बाजारावरून लांबच्या रस्त्यानं आला, भाड्याच्या ट्रकमधून उतरला तो टिनातल्या माशांचे बारा खोके घेऊन.

अख्खं नादेलाई अंगणात बसलं होतं. एक बाई तोंडावर हात धरून हसत म्हणाली, "आता समुद्र टिनात भरून मिळतो वाटतं." दोघी-तिघी हसल्या. विलिमोनी काळाठिक्कर पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "तुमच्या म्हातारीला एवढंही जास्त झालं."

प्रेत घरात होतं. मी शेजारी उभा होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या दिवसापासून नादेलाईचं कुणी खाली आलं नाही आणि आमचं कुणी वर गेलं नाही. टिन का आणले हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो उठून गेला. मीही मग नाद सोडला.

मार्च उजाडला. पाऊस रोजचाच. बांध कमरेएवढा झाला आणि एका दुपारच्या भरतीला मधूनच फुटला. आम्ही तिघं बघत उभे होतो. पाण्यानं जाळं अलगद उघडलं आणि धोंडे एकेक करून वाळूत पसरले. सेरेआना म्हणाली, "बाबा, पुरे."

"उद्या ओहोटी सकाळी सहाला आहे," विलिमोनी म्हणाला.

"मी नाही येणार. मामा पण नाही येणार. आणि तुम्ही पण नाही जायचं. तुमच्या एका सहीसाठी पंचवीस घरं पाण्यात बसलीत. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण विहिरीवर मी गेले की बायका गप्प होतात. मला लाज वाटते बाबा."

बापाशी ती असं कधी बोलली नव्हती. मला वाटलं आता हा ओरडणार. तो नुसता वळला. घरात जाऊन खांबाला पाठ लावून बसला. मी त्याच्यामागं गेलो.

"सही करायला हात दुखत नाही माझा," तो म्हणाला. "तिथं वर मी कोण रे? इथं भरती आली की लोक माझ्या तोंडाकडं बघतात. तिथं डोंगरात मी काय करू? दुसऱ्यांच्या अळूच्या वाफ्यात तण काढू?"

"तण काढायला तरी गुडघा वाकेल का तुझा?" मी म्हणालो. तो हसला नाही. मग मी नीट बोललो. "विली, जाऊन पाया पड. पुढचं पुढं बघू."

"त्याच्यापुढं ठेवायला दात कुठाय माझ्याकडं?"

ते खरं होतं. एवढी मोठी माफी मागायची तर देवमाशाचा दात हवा. नुसत्या यांगोनाच्या मुळ्यांवर असली माफी कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. त्याच्या घरातला दात थोरल्या भावाच्या लग्नात गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

केलेरा कोपऱ्यात चटई विणत बसली होती. तिनं हातातली केवड्याची पात बाजूला ठेवली, पत्र्याची पेटी ओढली, तळातून एक फडकं काढलं आणि सेरेआनाच्या हातात दिलं. "मामाला दे."

फडक्यात दात होता. वीतभर लांब, जुना, मधासारखा पिवळा, नारळाच्या दोरीसकट. तेलानं असा चकाकत होता की खिडकीतला उजेड त्यात दिसत होता.

"हा कुठून आला?" विलिमोनी ताठ बसला.

केलेरा नवऱ्याला उत्तर देऊ शकत होती, पण ती मुलीशीच बोलली. "सेरे, सांग त्यांना. माझ्या आईनं मरताना दिला. त्या मयताहून परत आलो, त्याच दिवशी मी तो पुसून तयार ठेवला. म्हटलं, आज जातील, उद्या जातील. दर रविवारी चर्चला जायच्या आधी तेल लावते. अकरा वर्षं."

सेरेआनानं आईचं हे वाक्य कुणालाच पोहोचवलं नाही, गरजही नव्हती. विलिमोनी दाताकडं बघत राहिला, मग बायकोकडं. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का?" ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली.

गुरुवारी आम्ही निघालो. पुढं वाईसाके, मग मी दात घेऊन, मग विलिमोनी, मागं केलेरा आणि सेरेआना नव्या चटया आणि यांगोनाचा भारा घेऊन. सेरेआनाच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सहीचा कागद होता. डोंगराची वाट लाल चिखलाची. अकरा वर्षांत वाईसाकेखेरीज आमच्या बाजूनं तिच्यावर कुणाचा पाय पडला नव्हता, गवत मांडीपर्यंत आलं होतं. विलिमोनीचा गुडघा प्रत्येक चढाला थांबत होता. मी दोनदा म्हणालो, "तुला पाठीवर घेऊ का? पण मग दात तू तोंडात धर." दुसऱ्यांदा तो थोडा हसला.

तानिएलाच्या घरात आम्हाला कुणी या म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. दाराशी, खालच्या टोकाला आम्ही डोकं खाली घालून बसलो. वरच्या टोकाला भिंतीला पाठ लावून तानिएला, त्याच्या बाजूला कुळाचे सात-आठ पुरुष. पाऊस लागला. दारातून शिंतोडे आमच्या पाठीवर येत होते. माफी मागायला आलेल्या माणसानं मांडी बदलायची नाही. विलिमोनीचा गुडघा थरथरत होता, चटईवर त्याचा बारीक आवाज येत होता आणि घरातल्या सगळ्यांना तो ऐकू येत होता. एक डुक्कर दाराशी आलं आणि विलिमोनीच्या तळव्याचा वास घेत उभं राहिलं. कुणी त्याला हाकललं नाही. ते मनाला येईल तेव्हा गेलं.

वाईसाकेनं मला खूण केली. मी गुडघ्यांवर पुढं सरकलो, दोन्ही हातांत दात धरला आणि आमच्या कुळाच्या वतीनं बोललो. बोलायचं काम माझंच; ज्याचा गुन्हा, त्यानं तोंड उघडायचं नसतं. मी त्यांच्या कुळाचं, त्यांच्या थोरांचं नाव घेतलं, आमची चूक सांगितली, आम्हाला तुमच्या पायाशी जागा द्या म्हटलं. बोलणं संपलं. दात हातात तसाच. समोरून घ्यायला कुणी हात पुढं केला नाही.

दात धरून धरून माझे हात भरून आले. दात न शिवता परत पाठवला की विषय कायमचा संपतो. पंचवीस घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"मासा नव्हता."

विलिमोनी बोलला होता. वाईसाकेनं त्याचं मनगट धरलं, पण तो थांबला नाही. "तीन दिवस मी समुद्रात होतो. एकटाच होतो, कुणाला नेलं नाही. मासा नव्हता."

तानिएलानं पहिल्यांदा आमच्याकडं बघितलं. "कुठं कुठं गेलास?"

"आधी बाहेरच्या पोवळ्यावर. मग खिंडीत. मग बाबा जिथं संकटाला जायचे, बेटाच्या मागं, तिथंही. त्या वर्षी पाणी तापलेलं होतं. पोवळं सगळं पांढरं पडलं होतं, हाडासारखं. जाळं टाकलं तसं वर आलं. तीन दिवस."

"आणि हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मी गावाचा कोळी. समुद्रात मासा नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?" विलिमोनी म्हणाला. "म्हणून दुकानात गेलो. मग बायका हसल्या. मग मी ते बोललो. बोललो ते बोललो. त्याला कारण नाही."

अकरा वर्षं मी त्याची थट्टा करत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"माझी आई तुझ्या बापाला धाकटा भाऊ म्हणायची," तानिएला म्हणाला. "रिकाम्या हातांनी आला असतास तर आम्ही तुला तिच्या उशाशी बसवला असता. मासा कोण मोजत होतं, गाढवा?"

मग तो म्हातारा उठून उभा राहिला नाही, कारण खाली बसलेल्या माणसांपुढं उभं राहत नाहीत. तो बसल्या बसल्या, हातांवर जोर देत, अख्ख्या घराच्या लांबीभर सरकत आमच्यापर्यंत आला. माझ्या हातातून दात घेतला, नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला आणि मांडीवर ठेवला. त्याच्या माणसांनी तळवे पोकळ करून टाळ्या वाजवल्या, संथ, एकसारख्या. केलेराचा हुंदका मला मागून ऐकू आला.

यांगोना झाला, जेवण झालं. पाऊस थांबल्यावर तानिएला म्हणाला, "चला, जागा दाखवतो. तुमच्या त्या बाईला निरोप द्या, संमती लिहून घ्यायला ये म्हणावं."

जागा चांगली होती. उतरती, पण रुंद, बाजूला झरा. तानिएला काठीनं दाखवत चालला. इथं चर्च. वर तुमच्या प्रमुखाचं घर. ह्या रांगेत अमुक, त्या रांगेत तमुक. वाईसाके खुंट्या ठोकत होता. एकेक करून पंचवीस खुंट्या संपल्या. विलिमोनीचं नाव आलं नव्हतं.

"आणि ह्याचं?" मी न राहवून विचारलं.

तानिएलानं काठी खाली केली. सगळ्यांच्या खाली, जिथं उतार तुटतो, तिथं गवतात एक एकटा तुकडा होता. सगळ्यात खालची जागा. आमच्यात सगळ्यात खालच्या जागेचा अर्थ पोरालाही कळतो. माझं डोकं फिरलं. दात घेतलास, जेवायला घातलंस, आणि आता वसूल करतोस होय, असं तोंडावर आलं होतं. सेरेआनानं माझा दंड धरला.

गुडघा धरत, ओल्या गवतातून विलिमोनी खाली उतरत गेला आणि त्या तुकड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वळेचना. त्याच्या पाठीकडं बघून मला वाटलं, आता हा तसाच खाली चालत जाईल आणि बांध घालायला लागेल. मी धावत खाली गेलो.

तिथं पोहोचल्यावर मला दिसलं. वरच्या सगळ्या जागांना डोंगराची सोंड आडवी येत होती. इथं ती संपली होती. खाली अख्खा समुद्र उघडा पडला होता. आमचा किनारा, कांदळवन, पोवळ्यावरची पांढरी रेघ, खिंड, बेटामागचं पाणीसुद्धा.

तानिएला काठी टेकत आमच्या मागं आला. त्याला धाप लागली होती. "वरच्या एकाही घरातून पाणी दिसत नाही," तो म्हणाला. "एवढं गाव इथं येणार, मग मासा कधी आला हे सांगणार कोण? कोळ्याला मी दुसरीकडं कुठं बसवू?"

विलिमोनी खालीच बसला, ओल्या गवतात, आणि मोठ्यानं रडला. अकरा वर्षांचं आणि त्या चार बांधांचं सगळं एकदमच बाहेर आलं. केलेरा येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला. आम्ही बाकीचे उगाच इकडंतिकडं बघत उभे राहिलो.

मग त्यानं लुंगीच्या टोकानं तोंड पुसलं आणि डोळे बारीक केले. "खिंडीच्या तोंडाशी पक्षी पडतायत," तो म्हणाला. "बोई मासळी आलीय. भरपूर आलीय."

"मग इथं रडत काय बसलायस?" तानिएला म्हणाला.

विलिमोनी उठला आणि उताराला लागला. मेलेल्या गुडघ्याचा माणूस असा चालेल हे मी सांगितलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. सेरेआनानं प्लास्टिकमधला कागद आणि पेन माझ्या हातात कोंबलं आणि ओरडली, "मामा, सही!" मी त्याच्या मागं पळालो, दोनदा घसरलो, आणि पहिल्या वळणावर त्याला गाठलं. तो थांबायला तयार नव्हता. शेवटी मीच त्याच्यापुढं जाऊन वाकून उभा राहिलो. त्यानं माझ्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली. पेन माझ्या सदऱ्यातून पार कातडीपर्यंत टोचत होतं, कारण डोळे त्याचे खाली पाण्यावरच होते.